डिक्की आपोआप उघडणारी करायची? आधी ती बंद कशी राहील ते पाहा

अमरावती/अकोला : दोन्ही हातांत संत्र्याचे कॅरेट, वरून ऊन आणि चावी खिशात. अशा वेळी बटण दाबताच डिक्की उघडावी, असं कोणालाही वाटतं. टाटाच्या हॅरियर आणि सफारीच्या 2023 मध्ये आलेल्या नव्या रूपातील वरच्या मॉडेलांत, तसंच टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या मॉडेलमध्ये ही सोय कंपनीकडूनच मिळते. जुन्या गाडीतही ती बाहेरून बसवता येते. मात्र डिक्की उघडणं हे यातलं सोपं काम आहे. नको तेव्हा ती उघडू नये आणि बॅटरी बसली तरी हाताने उघडता यावी, खरी कसोटी इथे लागते.

दोन प्रकार, दोन खर्च

पहिला प्रकार स्वस्तातला. खटका रिमोटने सुटतो आणि जास्त जोराचे गॅस शॉकर झाकण वर ढकलतात. बंद मात्र हातानेच करावं लागतं. दुसऱ्या प्रकारात शॉकरच्या जागी मोटर असलेल्या दांड्या बसतात. झाकण उघडणं आणि लावणं दोन्ही मोटर करते. त्यासोबत कंट्रोल बॉक्स, खटका ओढून घेणारी छोटी मोटर आणि बंपरखाली पाय हलवला की ओळखणारा सेन्सर येतो. खर्च अर्थातच बराच जास्त.

दुसऱ्या प्रकारात एक गोष्ट दुकानातच तपासावी. झाकण खाली येताना मधे काही अडकलं, तर ते थांबून परत वर गेलं पाहिजे. पाण्याची रिकामी बाटली आडवी धरून ही चाचणी घेता येते. लहान मुलांची बोटं घरात असतील तर यात तडजोड नको.

वऱ्हाडचं ऊन आणि शॉकर

शॉकरमध्ये दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. तापमान वाढलं की दाब वाढतो. डिसेंबरच्या पहाटे 10 अंश आणि मे महिन्यात 45 अंश धरले, तर वायूचा दाब सुमारे 12 टक्क्यांनी वाढतो. अकोल्यात हे आकडे कागदावरचे नाहीत. मे 2024 मध्ये पारा 45 अंशांपुढे गेला आणि जिल्ह्यात उष्णतेमुळे कलम 144 लावावं लागलं होतं.

म्हणून थंडीत जेमतेम उचलणारा शॉकर पाहून फार जोराचा घेतला, तर उन्हाळ्यात झाकण झटक्यात वर उडतं. समोर वाकलेल्या माणसाच्या हनुवटीला लागू शकतं. बिजागऱ्यांवर ताण येतो, झाकणाचा पत्राही वाकू शकतो. शॉकर त्या गाडीच्या झाकणाच्या वजनाचाच हवा. जुना शॉकर मात्र कधीही कापू किंवा छिद्र पाडू नये, आतला दाब जीवघेणा ठरू शकतो.

वायरिंगमध्येच खरी गोम

मागच्या दिव्याची वायर कापून तिथूनच करंट घेणं हा नेहमीचा शॉर्टकट. ती वायर बारीक असते, मोटरचा भार तिला पेलत नाही आणि ती तापते. करंट थेट बॅटरीवरून, योग्य जाडीच्या वायरने घ्यावा आणि बॅटरीजवळच फ्यूज असावा. झाकण आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीत वायर रोज वाकते, बहुतेकदा तिथेच तुटते. म्हणून थोडी ढील ठेवावी. डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर टाकी आणि पाइपपासून वायरिंग लांब ठेवावं.

घाटात डिक्की उघडली तर?

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना खिशातलं बटण दाबलं गेलं, तर सामान रस्त्यावर पडेल. मागून दुचाकीवाला ओरडेल, “भाऊ, डिक्की उघडी हाये!” तोवर वेळ गेलेली असते. उघड्या डिक्कीतून धूरही आत ओढला जातो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू घातक असतो. यावर उपाय साधा आहे. इग्निशन चालू असताना डिक्कीचा करंट तोडणारा रिले बसवून घ्यावा. मोटरच्या किटमध्ये गाडी वेगात असताना बटण बंद राहण्याची सोय असते. तिची जोडणी झाली का, हे विचारावं.

आत अडकलं तर?

अमेरिकेत 1998 च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत तीन घटनांमध्ये 11 मुलं डिक्कीत अडकून दगावली. त्यानंतर तिथे सप्टेंबर 2001 पासून नव्या गाड्यांच्या बंद डिक्कीत आतून उघडायची मूठ सक्तीची झाली. आपल्याकडच्या उन्हात हा धोका कमी नाही. नवीन खटका बसवताना हाताने ओढायची तार काढून टाकू देऊ नये. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडून पाहावं.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. नियमबाह्य बदलाला कलम 182अ अन्वये प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून पत्रा कापणं, झाकणाचा आकार बदलणं टाळावं आणि शंका असल्यास आरटीओत विचारावं. बाहेरून बसवलेल्या विजेच्या वस्तूंची विमा कंपनीकडे वेगळी नोंद करून वाढीव हप्ता भरावा लागतो. पक्कं बिल जपून ठेवावं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूममध्ये बोलून घ्यावं.

काम झाल्यावर घाई न करता दुकानासमोरच दहा वेळा डिक्की उघडून लावून पाहावी. मग बॅटरीची तार काढून हाताने उघडते का, तेही बघावं. इतकं जमलं तरच पैसे द्यावेत.