हरणासाठी शिसे की तांबे?
अमेरिकेत व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला .२४३, .२७०, .३०८ यांतली कोणतीही रायफल पुरते. खरा प्रश्न गोळी आत शिरल्यावर काय करते हा. शिशाचा गाभा असलेली नेहमीची शिकारी गोळी आदळताच पसरते, जखम रुंद होते, हरीण लवकर कोसळते. पण तिचे बारीक कणही उडतात. मांसाचा एक्स-रे काढला, तर जखमेपासून दूरवरही ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. तेच मांस लेकरांच्या ताटात जाते आणि रानात टाकलेली आतडी गिधाडे खातात. कॅलिफोर्निया काँडोर जातीची गिधाडे १९८२ साली जेमतेम २२ उरली होती; शिशाची विषबाधा आजही त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली, ते योग्यच केले.

तांब्याची गोळी टोकाशी पाकळ्यांसारखी उमलते आणि बहुतेक वजन राखते. मात्र उमलायला वेग हवा. म्हणून .३०८ मध्ये १६५ ग्रेनऐवजी १५० ग्रेनची हलकी, म्हणून जास्त वेगाची गोळी घ्यावी आणि फार लांबून बार टाकू नये. गोळी बदलली की आधी चांदमारीवर रायफलचा नेम पुन्हा जुळवून घ्यावा.