मेटल डिटेक्टर वाजला म्हणजे सोनंच सापडलं का?

'छावा' सिनेमा आला आणि मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च, मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरू लागले. मोगलांच्या सोन्याच्या मोहरा मिळतात, अशी अफवा होती. यंत्र वाजलं की सोनं, हा समज आपल्याकडेही आहे. मग ते वाजतं तरी कशावर?

यंत्राच्या टोकाला थाळीसारखी कॉइल असते. ती जमिनीत सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असला की त्यात बारीक विद्युतप्रवाह फिरतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइल पकडते. हा प्रतिसाद किती मागे पडतो, त्यावर सूर ठरतो. लोखंडी खिळा खालच्या, घोगऱ्या सुरात बोलतो. तांब्याचा पैसा, चांदीचा रुपया उंच आणि स्वच्छ.

खरी गोम मधल्या सुरात आहे. बारीक सोन्याची अंगठी, गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी, कॅनची कडी, तिन्ही जवळपास सारख्याच वाजतात. कारण यंत्राला धातूचं नाव कळत नाही. वीज किती सहज वाहते आणि वस्तूचा आकार केवढा, एवढंच कळतं. 'फक्त सोनं दाखवणारं यंत्र' म्हणून कोणी हजारो रुपये मागत असेल, तर सरळ घरी या. एकाच सुरात वाजणाऱ्या स्वस्त यंत्रात तर एवढाही भेद मिळत नाही.

मोठं लोखंड आणखी फसवतं. गंजलेली पहार कधी कधी चांदीसारखी उंच वाजते. अशा वेळी नव्वद अंशात वळून पुन्हा कॉइल फिरवा. आवाज तुटला, सरकला, तर बहुतेक लोखंडच. कॉइल वीतभर उचलूनही दणदणीत वाजत असेल, तर डबा-पत्र्यासारखं काही मोठं असण्याची शक्यता जास्त. आपल्या जांभ्यात आणि काळ्या दगडाच्या मातीत मुळातच लोह असतं, त्यामुळे धातू नसतानाही यंत्र कुरकुरतं. आधी ते त्या मातीशी जुळवून घ्यावं लागतं. कान तयार करायचा तर आपल्याच परसात खिळा, नाणं, बाटलीचं झाकण पुरून ऐका.

संरक्षित किल्ल्यावर मात्र परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. आणि कुठंही 10 रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन मिळालं, तर 1878 च्या केंद्रीय कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.