कुणाच्या सोयीसाठी?

सांभाळणाऱ्यांची नीती : लेखांक ६

‘आजी रात्रभर उठत होत्या, म्हणून हात बांधले. आता शांत आहेत.’ डिमेन्शियाचे रुग्ण ठेवणाऱ्या वृद्धाश्रमात सकाळी पाळी बदलताना हे वाक्य सहज बोललं जातं. ऐकणारी मावशी मान हलवते आणि पुढच्या पलंगाकडे वळते. आजी उठत कशासाठी होत्या, हे कुणी विचारत नाही.

आंघोळ घालताना, कपडे बदलताना राखायची अदब मागच्या लेखांकात पाहिली. तिथे चूक झाली तर ती करणाऱ्याला निदान कळते. बांधण्याचं तसं नाही. मावशीच्या मनात दुष्टावा नसतो. रात्रपाळीला ती एकटी, पलंग वीस-बावीस आणि कुणी पडलं तर जाब तिलाच द्यायचा. ओढणी, गॉजची पट्टी, चादरीची घडी हाताशी असतेच. पाच मिनिटांत प्रश्न मिटतो. म्हणून ‘हेतू चांगला होता’ हे उत्तर इथे पुरत नाही. आपण हे नेमकं कुणाच्या सोयीसाठी करतोय, हेच दर वेळी स्वतःला विचारावं लागतं.

बांधणं म्हणजे दोरीच नव्हे

या प्रश्नाचा बारकाईने विचार केलेल्या देशांत जपानचं नाव आधी घ्यावं लागतं. तिथल्या रुग्णालयांतही म्हाताऱ्यांना बांधणं एके काळी सर्रास चाले. १९९८मध्ये फुकुओका भागातल्या काही रुग्णालयांनी एकत्र येऊन ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०००मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाला आणि त्यातून पैसे घेणाऱ्या संस्थांना, आणीबाणीचे प्रसंग वगळता, बांधायला मनाई झाली. पुढच्याच वर्षी सरकारने एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. बांधण्याचे अकरा प्रकार तिच्यात दिले आहेत.

ती यादी वाचताना आपल्याकडचे नेहमीचे उपाय एकेक करून समोर येतात. हातपाय पलंगाला बांधणं तर त्यात आहेच. पण उतरता येऊ नये म्हणून पलंगाला सगळीकडून कठडे लावणं, नळी उपसू नये म्हणून बोटं जखडणारे हातमोजे घालणं, चाकाच्या खुर्चीला पुढून टेबल अडकवणं, डायपर काढू नये म्हणून स्वतःला सोडता न येणारा अखंड पोशाख चढवणं, उघडता न येणाऱ्या खोलीत ठेवणं, जास्तीची औषधं देऊन गुंगीत ठेवणं, हे सगळंही बांधणंच, असं ती यादी सांगते.

आपल्याकडे यातल्या पहिल्या प्रकाराला तेवढं बांधणं म्हणतात, बाकीचे काळजीच्या खात्यात जमा होतात. आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं, खुर्ची भिंतीला टेकवायची आणि जेवणाचं टेबल पोटापर्यंत सरकवायचं. जेवण झाल्यावरही टेबल तिथेच राहतं. येणाऱ्याला वाटतं, आजोबा छान बसलेत.

गोळ्यांचंही असंच. डॉक्टरांनी चिठ्ठीत ‘गरज पडल्यास’ लिहिलेलं असतं आणि हळूहळू रोज आठ वाजता गरज पडू लागते. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना शांत करण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५मध्ये नव्या पिढीतल्या आणि २००८मध्ये जुन्या पिढीतल्या औषधांवर छापायला लावला. डोस डॉक्टर ठरवतात हे खरं. पण गरज पडली की नाही, हे मावशी आणि सिस्टर ठरवतात.

पडणं थांबतं का?

बांधलं की पडायचे नाहीत, हा समज पक्का आहे. अनुभव उलटा आहे. बांधलेला माणूस सुटायची धडपड करतो आणि त्या धडपडीत जास्त लागतं. कठडा असला की तो त्याच्यावर चढून उतरू पाहतो, म्हणजे पडला तर आणखी उंचावरून पडतो. पट्ट्यात मान अडकून किंवा कठड्याच्या फटीत सापडून माणसं दगावली आहेत. आणि यातलं काहीच झालं नाही तरी आठवड्या-दोन आठवड्यांत पायांतली ताकद जाते, पाठीला बेडसोर होतात, शौचाला खडा धरतो, छातीत कफ साठतो. मग आजोबा खरोखरच उभे राहू शकत नाहीत आणि ‘बघा, म्हणून बांधत होतो’ असं म्हणायची सोय होते.

आता आजी कशासाठी उठत होत्या, तिकडे वळू. रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बहुतेक वेळा लघवीला जायचं असतं. कधी तहान लागलेली असते, कधी गुडघा ठणकत असतो, कधी तीन दिवस पोट साफ झालेलं नसतं. डिमेन्शियात हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून अंग बोलतं. कालपर्यंत बरी असलेली व्यक्ती अचानक बरळू लागली, ओढाताण करू लागली, तर लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग हे एक नेहमीचं कारण असतं. तिथे गरज पट्टीची नसते, डॉक्टरांना बोलावण्याची असते.

त्या जपानी पुस्तिकेत म्हणूनच बांधण्याला पर्याय म्हणून रोजच्या शुश्रूषेवर भर आहे. उठवून बसवणं, खाऊ घालणं, वेळेवर शौचाला नेणं, स्वच्छ ठेवणं आणि दिवसा काहीतरी करायला देणं, या पाच गोष्टी नीट करा, असं ती सांगते. आपल्या रात्रपाळीत याचा अर्थ असा : झोपण्याआधी आणि पहाटे ठरल्या वेळी बाथरूमला न्यायचं, पलंग बुटका ठेवायचा किंवा जमिनीवर गादी घालायची, रात्रीचा मंद दिवा चालू ठेवायचा, चष्मा आणि चप्पल हाताला लागेल अशी ठेवायची. दुपारभर खुर्चीत डुलकी काढू दिलेला माणूस रात्री झोपणार नाही, हे दिवसपाळीनेही ध्यानात घ्यायला हवं.

कायदा काय म्हणतो

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना पळता आलं नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा साखळीने बांधायला पूर्ण बंदी घालतो. इतर प्रकारे जखडायचं तर धोका समोर उभा असला पाहिजे, तो टाळायचा दुसरा मार्ग नसला पाहिजे आणि जबाबदार मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी हवी. कारण, पद्धत आणि कालावधी यांची नोंद ठेवायची आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. आणि कर्मचारी कमी आहेत, एवढ्याच कारणासाठीही बांधता येत नाही.

हा कायदा मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी आहे. वृद्धांसाठीच्या २००७च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे, निर्वाहभत्त्याची आहे. बांधण्याबद्दल शब्द नाही. शुश्रूषा संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण मंजूर न होताच बारगळलं. तरी २०१७च्या कायद्यातली शेवटची अट प्रत्येक व्यवस्थापकाने कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. बावीस पलंगांना एक मावशी ठेवायची आणि तिने कुणाला बांधू नये अशी अपेक्षा करायची, हे नीतीचे धडे तिच्या माथी मारणं झालं. जपानने २०१८पासून याची पैशांची बाजू कडक केली. नोंद ठेवली नाही, दर तीन महिन्यांनी समिती बसली नाही किंवा प्रशिक्षण दिलं नाही, तर संस्थेच्या मूळ मोबदल्यातून दहा टक्के कापले जातात.

मुलगाच म्हणतो, बांधा

सगळ्यांत अडचणीचा प्रसंग येतो तो नातेवाइकांकडून. ‘काहीही करा, बांधून ठेवा, पण आईचं हाड मोडायला नको. मला इथून येणं जमणार नाही.’ प्रवेशाच्या फॉर्मवर तशी सहीही घेतलेली असते. पण मुलाच्या सहीने आईचा हात बांधायचा हक्क संस्थेला मिळतो, हे नीतीत बसत नाही. सिस्टरने त्यांना शांतपणे सांगावं : ‘दादा, त्या चालतील तर कधीतरी पडतीलही. पडल्या तर कमी लागावं म्हणून आम्ही हे हे करतो. बांधलं तर दोन महिन्यांत त्या चालणार नाहीत.’ हे दाखल करतानाच बोललेलं बरं. पडल्यानंतर बोललं तर ती सबब वाटते.

आणि तरीही एखादी वेळ येते. नाकातली नळी पुन्हा पुन्हा उपसली जाते, किंवा आजोबा काठी घेऊन शेजारच्यावर धावतात. अशा वेळेसाठी जपानी नियमाच्या तीन कसोट्या उपयोगी आहेत : धोका आत्ताचा आहे का, दुसरा उपाय खरंच उरला नाही का, आणि हे थोड्याच वेळापुरतं आहे का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच. तेही एकट्या मावशीने ठरवायचं नाही. डॉक्टरांना फोन, घरच्यांना फोन आणि रजिस्टरमध्ये नोंद : किती वाजता, कशामुळे, आधी काय करून पाहिलं, कधी सोडलं. मध्ये मध्ये सोडून हात चोळायचे, पाणी पाजायचं, बाथरूमला न्यायचं. नळीच्या बाबतीत डॉक्टरांना आणखी एक विचारायचं : तिची गरज अजून आहे का? चमच्याने भरवायला वेळ नाही म्हणून नळी आणि नळी टिकावी म्हणून पट्टी, असंही घडतं.

भेटीला जाणाऱ्यांनी मनगटांवर वळ आहेत का ते पाहावं, दुपारी चार वाजता माणूस जागा आहे का ते पाहावं आणि रात्रपाळीला किती जण असतात ते विचारावं. समाधान झालं नाही तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. कर्मचाऱ्यांनीही पाळी देताना एक बदल करून पाहावा : ‘शांत आहेत’ असं सांगण्याऐवजी किती वाजता उठल्या, कशासाठी उठल्या आणि काय केल्यावर झोपल्या, ते सांगावं. बांधलेल्या माणसाबद्दल या तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

(पुढील लेखांकात : आजींनी प्रेमाने दिलेली सोन्याची अंगठी मावशीने घ्यावी का? भेटवस्तू, उसने पैसे आणि मृत्युपत्र)