हळदीकुंकवाच्या दिवशी आई कुठे बसतात?

डिसेंबरातली गोष्ट. सातवीच्या वर्गाला मी निबंध दिला होता, 'आपली संस्कृती'. वह्या तपासायला घेतल्या, तर बहुतेकींनी लेणी, देवळं, सणवार आणि 'थोर परंपरा' असंच लिहिलेलं. एका मुलीने मात्र शेवटी लिहिलं होतं, 'बाबा गेल्यापासून माझी आई हळदीकुंकवाला जात नाही.' लाल पेन हातात धरून मी तशीच बसून राहिले. काय शेरा देणार?

मैत्रिणींनो, संस्कृतीबद्दल आपण मोठमोठे शब्द वापरतो, पण ती नांदते आपल्या घरातच. पहाटे आधी कोणी उठायचं, पहिलं ताट कोणाला वाढायचं, हे तीच ठरवते. संक्रांतच घ्या ना! सुगडात आपण हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजर, उसाचे करवे घालतो, म्हणजे त्या दिवसांत शेतात येतं तेच. थंडीत अंगाला स्निग्धता हवी म्हणून तीळ नि गूळ. पुढे रथसप्तमीपर्यंत वाण लुटायचं, एकमेकींकडे जायचं, चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलायच्या. एके काळी घराबाहेर पडायला बायकांना अशीच तर निमित्तं असायची! मला हा सण मनापासून आवडतो.

पण आमच्या घरचंच सांगते. तिळाच्या वड्या सासूबाईंनीच कराव्यात, पाक त्यांनाच साधतो. मामंजी गेल्यापासून मात्र हळदीकुंकवाच्या दिवशी त्या स्वयंपाकघरात बसतात. बाहेर अत्तर-गुलाबपाणी, हसणं-खिदळणं. आत त्या ताटल्या भरून देतात. त्यांना तिथे कोणी बसवलं नव्हतं. पण बाहेर या, असंही कोणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. केशवपनाची चाल गेली, म्हणून संस्कृती काही बुडाली नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याविषयी परिपत्रक काढलं. एक खेडं एवढं करतं, आणि मी बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी बाई!

तांदळात खडे निघाले म्हणून आपण तांदूळ फेकून देत नाही, निवडून घेतो. सणाचंही तसंच नाही का?

यंदा मी म्हटलं, "आई, पहिलं कुंकू तुम्हाला लावणार."

"अगं, लोक काय म्हणतील? उद्या तुझ्याकडे कोणी फिरकायचं नाही."

"येतील त्या येतील."

त्या दिवशी दोघीजणी वाण न घेताच उठल्या. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. आईंनी कुंकू नको म्हटलं, फक्त हळद लावून घेतली. पण बसल्या मात्र बाहेर, सगळ्यांच्यात. वड्यांचा पाक कसा ओळखायचा, हे एकेकीला समजावून सांगत होत्या.

त्यांच्या शेजारी माझ्या विद्यार्थिनीची आई बसली होती. त्या वहीत मी शेवटी शेरा दिला होता, 'आईला आमच्याकडे हळदीकुंकवाला घेऊन ये.'