अतिदक्षता विभागातील आप्तभेट : कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन व वैद्यांचे कर्तव्य

रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल झाला की, ‘आम्हाला आत का सोडत नाहीत?’ हा प्रश्न घेऊन नातेवाईक पुष्कळदा आपल्या नेहमीच्या वैद्याकडे येतात. उत्तर देण्यापूर्वी रुग्णालयाची बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

तेथील डॉक्टर व परिचारिका यांचे आक्षेप प्रामुख्याने तीन असतात : जंतुसंसर्ग, कामातील व्यत्यय आणि रुग्णास होणारा श्रम. एकाच घरातील पाच जण तोच प्रश्न पाच वेळा विचारतात. शेजारच्या खाटेवर तातडीचे उपचार चालू असता गर्दी बाधक ठरते. तथापि परिचित आवाजाने भ्रमावस्थेतील वृद्ध शांत होतो आणि पूर्वीच्या औषधांची माहिती घरच्यांकडूनच मिळते, हेही अनुभवी परिचारिका मान्य करतात.

या आक्षेपांची परीक्षा झाली आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात हृदयविकाराच्या 226 रुग्णांची पाहणी केली गेली. मुक्त भेटीच्या काळात विभागात जंतू अधिक आढळले. परंतु रुग्णांतील संसर्गजन्य उपद्रव वाढले नाहीत. उलट हृदयासंबंधी उपद्रव मर्यादित भेटीच्या काळात सुमारे दुप्पट होते. ब्राझीलमधील 36 विभागांच्या 2019 च्या अभ्यासात आप्तांना प्रथम प्रशिक्षण देऊन दिवसाला 12 तासांपर्यंत भेटीची मुभा दिली गेली. रुग्णांतील भ्रमाचे प्रमाण लक्षणीय घटले नाही; मात्र आप्तांची चिंता व विषण्णता कमी झाली आणि कर्मचाऱ्यांचा थकवा लक्षणीय वाढला नाही. इटलीतील 2013 च्या दुसऱ्या अभ्यासात मात्र थकवा काहीसा वाढलेला दिसला. तरीही कर्मचाऱ्यांचे मत भेटींस अनुकूलच राहिले.

हा विचार आपणांस अपरिचित नाही. चरकाचार्यांनी उपस्थात्यास चिकित्सेच्या चार पादांत स्थान देऊन उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शौच हे त्याचे गुण सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेच्या व्रणितोपासनीय अध्यायात सुहृदांनी प्रिय कथांनी रुग्णाच्या वेदनेचा विसर पाडावा, असे म्हटले आहे. आप्तांजवळ अनुराग असतोच. उरलेले तीन गुण त्यांना शिकवावे लागतात. कर्मचाऱ्यांचे बहुतेक आक्षेप या तिहींच्या अभावाविषयीच आहेत.

येथेच वैद्यांचे कर्तव्य सुरू होते. घरातील एकाच व्यक्तीने डॉक्टरांशी बोलावे, हात धुऊन आत जावे, स्वतःस सर्दी-ताप असल्यास जाऊ नये, हे आपण सांगावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काढा, भस्म, मध, तीर्थ यांपैकी काहीही रुग्णाच्या मुखात लपून घालू नये. गुंगीतील रुग्णाची गिळण्याची क्रिया मंद असल्याने द्रव श्वासमार्गात जाऊन प्राणावर बेतू शकते. चालू औषधांशी विरोधही संभवतो. रुग्ण आपली औषधे पूर्वीपासून घेत असल्यास त्यांची यादी वैद्यांनी स्वतः लिहून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवावी. औषधालयाच्या मालकांनीही ‘औषध कोणासाठी?’ हे विचारावे आणि रुग्ण अतिदक्षता विभागात असल्यास त्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय ते देऊ नये.

लपवून दिलेल्या एका चमच्याने आत जाण्याचा विश्वास कायमचा गमावतो. तो टिकवणे बव्हंशी आपल्या सल्ल्यावर अवलंबून आहे.