नोकरीचे बनावट प्रस्ताव : ओळख व घ्यावयाची काळजी

जळगाव व धुळे जिल्ह्यांत कापूस आणि केळीच्या पैशावर अनेक शेतकरी कुटुंबांतील मुले-मुली पदवीपर्यंत शिकली. शिक्षण संपले की नोकरीचा शोध सुरू होतो आणि हा शोध आता बहुतांशी मोबाईलवरच होतो. जाहिरातीसाठी तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत, ही सोय चांगलीच आहे. परंतु ज्या वाटेने खरी जाहिरात घरात येते, त्याच वाटेने खोटीही येते. खोट्या नोकरीपायी जी रक्कम जाते ती बहुधा मुलाच्या कमाईची नसते; ती कापसाच्या किंवा केळीच्या विक्रीची असते. म्हणून हा विषय तरुणांइतकाच घरातील कर्त्या शेतकऱ्यानेही समजून घेणे आवश्यक आहे.

बियाण्याची कसोटी नोकरीलाही लावा

कपाशीचे बियाणे घेताना आपण विक्रेत्याचा परवाना पाहतो, पाकिटावरील लॉट नंबर पाहतो आणि पक्के बिल मागतो. पेरणीनंतरही रिकामे पाकीट, लेबल व थोडे बियाणे जपून ठेवतो, कारण उगवण झाली नाही तर तक्रारीला आधार लागतो. नोकरीचा प्रस्ताव याच चार कसोट्यांवर तपासावा. नोकरी देणारा कोण? जाहिरातीला क्रमांक व तारीख आहे काय? भरलेल्या पैशाची पावती संस्थेच्या नावाची आहे काय? आणि सर्व पुरावा आपल्याजवळ आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर पुढे जाऊ नये.

फसवणूक कशी होते?

प्रथम व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवर संदेश येतो. परीक्षा नसते, मुलाखत झालीच तर पाच मिनिटांत फोनवर उरकते. लगेच बोधचिन्ह व शिक्का असलेले नेमणूकपत्र येते. त्यानंतर नोंदणी फी म्हणून लहान रक्कम मागतात. ती भरली की वैद्यकीय तपासणी, गणवेश, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत अशी एकेक मागणी वाढत जाते. प्रत्येक वेळी 'ही रक्कम पगारासोबत परत मिळेल' असे सांगतात. पहिले दोन हजार बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे दहा हजार भरतो. या फसवणुकीचे मर्म येथेच आहे.

दुसरा प्रकार घरबसल्या कामाचा. हॉटेलला गुण द्या, व्हिडिओ पसंत करा, असे काम सांगून सुरुवातीस शंभर-दोनशे रुपये खरोखर खात्यात टाकतात. हा गळाला लावलेला चारा समजावा. पुढे मोठ्या कामासाठी आपल्याकडूनच पैसे भरून घेतात. अॅपवर जमा रक्कम वाढलेली दिसते, मात्र ती काढता येत नाही.

ओळखीचा माणूस म्हणजे पुरावा नव्हे

भुसावळमुळे रेल्वेची नोकरी आपल्या भागात चांगली परिचयाची आहे. त्यामुळे 'रेल्वेत आपला माणूस आहे' या शब्दावर चटकन विश्वास बसतो. २०२२ साली तामिळनाडूतील किमान २८ तरुणांना रेल्वेत नोकरी देतो म्हणून दिल्लीस नेण्यात आले. प्रशिक्षण म्हणून त्यांना नवी दिल्ली स्थानकावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या व त्यांचे डबे मोजावयास लावले. सुमारे महिनाभर ते हे काम करीत होते. त्यांच्याकडून एकूण २ कोटी ६७ लाख रुपये उकळण्यात आले होते. त्यांना या टोळीपर्यंत नेणारे गृहस्थ माजी सैनिक होते. आपणही फसलो असे सांगून पोलिसांत तक्रार त्यांनीच दिली. मध्यस्थ प्रामाणिक असला तरी त्याच्यामागची नोकरी खरी असतेच असे नाही, हे यावरून लक्षात घ्यावे.

तपासणी कशी करावी?

१. परीक्षा शुल्क आणि नोकरीसाठी पैसे यांतील फरक ओळखावा. रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेस सर्वसाधारण उमेदवारास ५०० रुपये शुल्क असते व संगणकावरील पहिली परीक्षा दिल्यावर त्यातील ४०० रुपये परत मिळतात. असे शुल्क आपण स्वतः अर्ज करताना संस्थेच्या संकेतस्थळावर भरतो. एखाद्या व्यक्तीच्या खात्यात किंवा मोबाईल क्रमांकावर पैसे मागितले तर तो प्रस्ताव खोटा समजावा.

२. संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून वाचावा. सरकारी पत्त्याचा शेवट साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'एसी डॉट इन' असा आहे. बनावट पत्त्यात हीच अक्षरे मध्ये घालून शेवट वेगळा केलेला असतो. संदेशातील दुवा न दाबता संकेतस्थळ स्वतः उघडून जाहिरात शोधावी.

३. पत्रावर छापलेल्या क्रमांकावर चौकशी करू नये; तो क्रमांक फसवणाऱ्याचाच असतो. संस्थेचा क्रमांक तिच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

४. पगार कामाशी ताडून पाहावा. बाजारभावाच्या दीडपट दराने केळी मागणाऱ्या अनोळखी व्यापाऱ्याकडे आपण संशयाने पाहतो. दोन तासांच्या टंकलेखनास महिना चाळीस हजार देणाऱ्याकडेही तसेच पाहावे.

५. नोकरी शोधण्यासाठी केंद्र शासनाचे नॅशनल करिअर सर्व्हिस व राज्य शासनाचे महास्वयम् या संकेतस्थळांवर विनामूल्य नोंदणी करता येते. तिचा लाभ घ्यावा.

बँक खाते दुसऱ्यास वापरू देऊ नका

'तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून बाकी पुढे पाठवा' अशीही नोकरी सांगितली जाते. हे पैसे दुसऱ्या कोणाच्या तरी फसवणुकीचे असतात. तपास लागतो तो प्रथम खातेदारापर्यंत आणि खाते गोठवले जाते. त्याच खात्यात पीकविम्याची किंवा माल विक्रीची रक्कम येत असेल तर ती ऐन हंगामात अडकून पडते. म्हणून खाते, एटीएम कार्ड, सिमकार्ड कोणास वापरावयास देऊ नये. ओटीपी सांगू नये, मूळ प्रमाणपत्रे देऊ नयेत.

परदेशातील नोकरी

थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या अनेक भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून लोकांना फसवण्याचे काम करावयास लावले गेले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागानेही साठहून अधिक जणांची सुटका केली. परदेशी पाठविणाऱ्या एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावी. नोंदणीकृत एजंटास उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. पर्यटक व्हिसावर नोकरीस पाठवतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये.

फसवणूक झाल्यास काय करावे?

ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. फसवणारे ही रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवतात. ती बँकेत असतानाच कळविले तर रोखून धरता येते. म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे आहेत. खाते क्रमांक, व्यवहार क्रमांक, रक्कम, तारीख व वेळ हाताशी ठेवावी. संदेश व पत्रे पुसून टाकू नयेत. त्यानंतर जवळच्या किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जावे. 'फी भरा, बुडालेले पैसे परत मिळवून देतो' असा फोन नंतर आल्यास ती दुसरी फसवणूक समजावी.

बरीच मुले घरच्यांच्या धाकाने गप्प राहतात आणि तेवढ्यात पैसे हातचे जातात. म्हणून मुलाने अशी गोष्ट सांगितली तर रागावण्यात वेळ न दवडता आधी १९३० वर फोन करावा. नोकरीचे पत्र आले तर पैसे भरण्यापूर्वी एक रात्र थांबून घरातील सर्वांनी ते वाचावे. खरी नोकरी एका रात्रीत निघून जात नाही.