पंपाची तार व ती सोलण्याची पक्कड

विहिरीवर विजेचा पंप नाहीं असा बागायतदार आतां विरळाच. पंप, पाइप व स्टार्टर घेतांना आपला शेतकरी चार दुकानें हिंडतो, भाव करतो, शेजाऱ्याचा अनुभव विचारतो. परंतु स्टार्टरांत बसवावयाचें तारेचें टोक कशानें सोलावें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. तें काम ब्लेडनें, विळ्यानें, किंबहुना दांतांनींही उरकलें जातें! आमचें आयुष्य महसूल दप्तरांत गेलें. यंत्रविद्येचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. तथापि या लहानशा कामांतील हयगय केवढी महाग पडते, तें सभासद बंधूंच्या ध्यानीं यावें म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम नुकसान कसें होतें तें पाहूं. सात पदरी तारेचे दोन पदर ब्लेडनें कापले गेले, तर त्या जागीं सातांचा भार पांचांवर पडतो. तेवढी जागा तापते, स्क्रूची पकड सैल होते, आणि सैल जागीं ठिणग्या पडून ताप आणखी वाढतो. एकेरी तारेस नुसता ओरखडा पडला तरी पंपाच्या हादऱ्यानें ती पुढें तेथेंच मोडते. अल्युमिनियमची तार तर याबाबत तांब्याहून नाजूक. तीन फेजच्या चालू मोटरीची एक तार अशी सुटली, तर मोटर बहुधा थांबत नाहीं. उरलेल्या दोन तारांतून जादा प्रवाह ओढीत ती घोंघावत राहते. स्टार्टरांतील ओव्हरलोड रिले बरोबर लावलेला नसेल, तर वायंडिंग जळतें. मग मोटर भरून येईपर्यंत उभा ऊंस पाण्यावांचून! ओरखडा केसाएवढा, पण जाते ती पाण्याची पाळी.

यावर उपाय म्हणजे तार सोलण्याची पक्कड. बाजारांत तिला वायर स्ट्रिपर म्हणतात. तिच्या मुख्य जाती तीन. पहिलींत एकच खांच असून पातीं किती मिटावीं हें एका स्क्रूनें ठरवितात. ही स्वस्त, पण तारेची जाडी बदलली कीं स्क्रू पुन्हां लावावा लागतो. दुसरींत निरनिराळ्या मापांचीं छिद्रें असतात. तिसरी आपोआप जुळणारी. काम झपाट्यानें करते, परंतु महाग, आणि जाड किंवा चिवट वेष्टणावर अडते. शेतावरील कामास आमच्या मतें दुसरी जात उत्तम.

मात्र घेतांना छिद्रांवरील आकडे वाचावे. आपल्याकडील तारा चौरस मिलिमीटरांत विकल्या जातात, जसें १.५, २.५, ४. पुष्कळ पकडींवर मात्र अमेरिकन गेज असतो, व त्यांत आकडा वाढला कीं तार बारीक होते. १४ गेज म्हणजे सुमारें २.०८ चौरस मिलिमीटर व १२ गेज म्हणजे सुमारें ३.३१. तेव्हां २.५ ची तार १४ च्या छिद्रांत घातली तर ओरखडलीच. तिला १२ चें छिद्र घ्यावें. मिलिमीटरांचीं मापें असलेली पक्कड मिळाल्यास हा घोटाळाच नको.

वापरण्यापूर्वीं मेन स्विच पाडावा, तिन्ही फ्यूज काढून आपल्याच खिशांत ठेवावे, आणि टेस्टरनें तिन्ही तारा तपासाव्या. पंपास ऑटो स्विच असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी. कारण वीज परत येतांच तो मोटर सुरू करतो, तो कोणाचा हात पाहत नाहीं. पकडीच्या प्लास्टिकच्या मुठीवर भिस्त ठेवून चालू तारेस कदापि हात घालूं नये.

नंतर त्याच तारेच्या टाकाऊ तुकड्यावर छिद्र पारखावें. सोललेलें टोक उजेडांत धरून पाहावें. ओरखडा दिसला किंवा एखादा पदर कमी भरला, तर एक पायरी मोठें छिद्र घ्यावें. टोक स्टार्टरच्या घरांत जाईल तेवढेंच सोलावें, उघडी तार बाहेर दिसूं नये. पदरांस मूळच्या दिशेनेंच पीळ द्यावा. सबमर्सिबल पंपाच्या चपट्या केबलचें बाहेरचें वेष्टण वरवर चिरून हातानें फाडावें. आंतील तीन तारांच्या वेष्टणास पातें लागूं देऊं नये.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करवावी, व मीटरपूर्वींच्या तारांस कोणीं हात लावूं नये, हें सांगणें नलगे. परंतु मजुरी देणारा मालक आहे, व मोटर जळली तर भुर्दंडही त्यालाच. दप्तरांत सही करण्याआधीं आम्ही कागद वाचीत असूं. तसें स्टार्टरचें झांकण लागण्याआधीं आपण तारेचीं टोकें पाहावीं. आणि वायरमनच्या पिशवींत पक्कड नसेल, तर असावी म्हणून एक पंपघराच्या पेटींत ठेवावी.